घरगुती चित्रफितींचे डिजिटल रूपांतर

कुटुंबाने स्वतःसाठी टिपलेली किंवा टिपून घेतलेली हलती चित्रे फिल्मवरून अथवा चुंबकीय फितीवरून संगणकाच्या फाइलमध्ये उतरवणे, म्हणजे डिजिटल रूपांतर. कोडॅकने हौशी चित्रणासाठी १९२३ साली १६ मिमी, १९३२ साली ८ मिमी आणि १९६५ साली सुपर ८ फिल्म आणली. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस कॅसेट आली आणि पुढे कॅमकॉर्डरच्या हाय ८, मिनी डीव्ही या फिती. महाराष्ट्रात फिल्मचा कॅमेरा फार थोड्या घरांत होता. १९८२ नंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हीसीआर पसरू लागले, तेव्हा लग्न-मुंजीची कॅसेट मध्यमवर्गीय कपाटात पोचली. त्यामुळे मराठी घरांपुरता हा विषय मुख्यतः व्हीएचएसचा आहे.

जे अधिक जुने ते आधी वाचवावे, असे सहज वाटते. प्रत्यक्षात फीत आधी आणि फिल्म नंतर, हाच क्रम योग्य ठरतो. फिल्मवरचे चित्र उजेडासमोर धरले की डोळ्यांना दिसते. उद्या सगळे प्रोजेक्टर मोडीत निघाले तरी प्रत्येक चौकटीचा स्वतंत्र फोटो काढून ते पुन्हा हलते करता येईल. फितीवर मात्र पाहण्यासारखे काहीच नसते. अर्ध्या इंची पट्टीवर चुंबकीय नोंदी तिरप्या रेघांत असतात आणि मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरची हेड्सच त्या वाचू शकतात. हे यंत्र आता बनत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. युनेस्को आणि ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली चुंबकीय फितींबाबत जगभर इशारा दिला, तोही याच कारणाने: फीत शाबूत राहील, पण ती वाजवणारे यंत्र, सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारी माणसे उरणार नाहीत. त्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत चुंबकीय थर धरून ठेवणारे बंधक द्रव्य कमजोर होते आणि फितीवर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरट जाळी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नये, कारण बुरशी यंत्रात शिरते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते.

या क्रमावर एक आक्षेप रास्त आहे. ॲसिटेट फिल्मही कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर तिचा ऱ्हास सुरू झालेला असतो, आणि तो वाढतच जातो. अशा रिळाला अपवाद करून ते आधी घ्यावे. पण वास नसलेली, कोरड्या, थंड जागी ठेवलेली फिल्म थांबू शकते. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: आम्ही मागेच डीव्हीडी करून घेतली आहे. डीव्हीडीत चित्र बरेच दाबून बसवलेले असते, आणि घरी लिहिलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थरही कालांतराने खराब होतो. मूळ फीत चालते आहे तोवर ती पुन्हा उतरवणेच शहाणपणाचे.

व्हीएचएसचे चित्र मुळातच पुसट, त्याची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेषांची. मग मोठी फाइल कशाला, असेही विचारले जाते. भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. मोबाइलसाठी फाइल बनवताना ती जुळवावी लागतात. हे काम घाईने झाले की हलत्या हातांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात, किंवा निम्म्या हालचाली गळतात. एकदा गळलेले परत येत नाही. म्हणून आधी फितीवर जसे आहे तसे उतरवलेली मास्टर प्रत हवी. त्यासाठी चांगला व्हीसीआर, शक्य तिथे एस-व्हिडिओची जोडणी आणि थरथरता संकेत स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर लागतो. डीव्ही स्वरूपात ही प्रत तासाला सुमारे १३ जीबी होते. आजच्या हार्ड डिस्कला ते ओझे नाही. फोन आणि टीव्हीसाठी तिच्यावरून एच.२६४ची हलकी प्रत काढावी, आणि चित्र ४:३ आकारातच ठेवावे. पडदा भरण्यासाठी ताणले की चेहरे फुगतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीच्या असतात, त्यांना दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो. मिनी डीव्हीवरची नोंद मुळात डिजिटलच असते. ती फायरवायरने जशीच्या तशी संगणकावर घ्यावी, टीव्हीच्या तारेतून नव्याने चित्रित करू नये.

रूपांतर झाल्यावर मूळ कॅसेट टाकून देण्याची घाई करू नये. मास्टर फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. लग्नाच्या कॅसेटची प्रत बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे सापडते. घरच्या कॅमकॉर्डरवर कोणी सहज टिपलेल्या, आजी-आजोबांचा आवाज असलेल्या फितीची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. चालू व्हीसीआरचे पहिले तास तिलाच द्यावेत.