आज्जीची न्हाणी

आमची आज्जी जात्यावर बसण्याआधी सुपातली मूठभर ज्वारी बाजूच्या गाडग्यात टाकायची. सुगी असो की टंचाई, मूठ चुकायची नाही. अंड्यांचे, शेळीच्या दुधाचे पैसे मात्र उतरंडीच्या तळच्या मडक्यात. अख्खी उतरंड उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नसे, आणि घरच्या गड्यांना तेवढा धीर कुठला!

१९७२ च्या दुष्काळात गाडगं पालथं पडलं. तो लाल मिलो आला, अमेरिकेची ज्वारी. त्याची भाकरी थापता थापता चिरायची, असं आई अजून सांगते. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळे. ती अर्धी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. मजुरीतलेही दोन पैसे मडक्यात गेले म्हणे. उपाशीपोटी ते कसे उरवले असतील, देव जाणे.

त्या पैशातून तिनं काय घेतलं? चार शहाबादी फरश्या! आई म्हणते दुष्काळानंतर लगेच, मामा म्हणतो थोरल्या मावशीच्या लग्नाच्या साली. घरामागं कुडाचा आडोसा, खाली फरशी, मोरीचं पाणी अळूला. त्याआधी घरातल्या बाया तांबडं फुटायच्या आत, उभ्या केलेल्या बाजेवर गोधडी टाकून तिच्या आड अंघोळ उरकायच्या. न्हाणी झाली आणि आज्जीला पहाटेची घटकाभर झोप मिळाली. घरावर केलेल्या खर्चाला अनुत्पादक म्हणणाऱ्यांनी ही झोप कुठल्या खात्यात मांडायची ते सांगावं.

पुढं १९९२ मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेनं देशभरात पाचशे बचत गट बँकांना जोडून पाहायचा प्रयोग केला; तारण नसलेल्या बायकांना कर्ज मिळू लागलं. आमच्या गावात हे वारं बरंच उशिरा आलं. मामीच्या गटात आधी दवाखान्याला नि पोरांच्या फीला पैसे उचलले जात. मग हळूहळू पत्रे, संडास, ओट्याची फरशी.

आज्जीची न्हाणी ज्या घराला होती, त्यावर तिचं नाव कधीच लागलं नाही. मामीनं पत्र्यांसाठी कर्ज काढायचं ठरवलं तेव्हा मामाला आधी ग्रामपंचायतीत नेलं, घराच्या उताऱ्यावर, नमुना आठवर, त्याच्या शेजारी आपलं नाव लावून घेतलं, आणि मगच कर्जाच्या कागदावर सही केली.