‘अर्धवट’ या शब्दाचा इतिहास

क्षयाच्या इतिहासात दोष बहुधा रोग्याच्याच पदरात पडला आहे. पुराणातल्या चंद्रालाही राजयक्ष्मा जडला तो स्वतःच्या वर्तनामुळे, दक्षाच्या शापाने. आधुनिक वैद्यकाने शाप नाकारला. पण ‘रुग्णाने औषधे अर्धवट सोडली’ हे वाक्य शापासारखेच वापरात राहिले. मानखुर्दचा अनुभव या वाक्याची फेरतपासणी करायला लावतो, असे आम्हांला वाटते.

रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांवाटे तो फुफ्फुसात शिरतो आणि ज्या पेशींनी त्याला गिळून संपवायचे, त्यांच्याच पोटात ठाण मांडतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पण सुधारलेले कित्येक रुग्ण पुन्हा खालावले. कोट्यवधी जंतूंमध्ये उत्परिवर्तनामुळे औषधाला न जुमानणारे मोजके जंतू आधीपासूनच असतात. एकटे औषध इतरांना मारते आणि या मोजक्यांना रान मोकळे करून देते. म्हणून अनेक औषधे एकत्र देण्याची रीत आली.

ती पाळली कोणी? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीतल्या सुमारे १०० खासगी डॉक्टरांनी तब्बल ८० निरनिराळे औषधक्रम सांगितले होते. म्हणजे अर्धवटपणा रुग्णाच्या हातात पडण्याआधी चिठ्ठीतच होता. पुढे २०१२ च्या आरंभी हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले. तेव्हाही वाद रंगला तो ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ या नावावर.

शिवाय प्रतिरोधी जंतू तयार स्थितीतच एका छातीतून दुसऱ्या छातीत जातो. ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतलेली नाही, त्याने अर्धवट सोडले तरी काय? इथे औषधाच्या इतिहासाला घरांचा इतिहास येऊन मिळतो. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पांमुळे विस्थापित झालेली कुटुंबे २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत वसवली गेली. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासाने या रचनेचा आणि क्षयाचा संबंध पुढे आणला; तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीत क्षयाचे प्रमाण बरेच कमी आढळले.

आज बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आहेत, उपचारांचा काळही घटला आहे. पण तीही त्याच कोंदट खोलीत घ्यावी लागणार असतील, तर ‘अर्धवट’ हे विशेषण रुग्णाला लावायचे की त्याच्या खिडकीला, हे आपण ठरवायला हवे.