गोदेच्या पैलतीरची मंडळी

गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठण हें महाराष्ट्राच्या धर्मजीवनांतील जुनें न्यायासन. कोणास जातींत ठेवावें, कोणास बाहेर काढावें आणि बाहेर गेलेल्यास कोणत्या प्रायश्चित्तानें आंत घ्यावें, हे प्रश्न शतकानुशतकें तेथील विद्वानांपुढें येत. संन्यास टाकून पुन्हां संसारांत आलेल्या विठ्ठलपंतांचीं चार मुलें शुद्धिपत्रासाठीं पैठणला गेलीं, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. त्या कथेंतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर मागें एक साधा पण कठीण प्रश्न उरतो. मनुष्य आपला कीं परका, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

एकोणिसाव्या शतकांत हाच प्रश्न त्याच गोदेच्या दक्षिणेस निराळ्या वेषांत उभा राहिला. पैठणहून पैलतीरीं गेलें कीं शेवगांव तालुका व अहमदनगर जिल्हा लागतो. ह्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. ह्या मुलुखांत अमेरिकन मिशनच्या आश्रयानें ज्या ख्रिस्ती मंडळ्या स्थापन झाल्या, त्या काँग्रिगेशनल पंथाच्या होत्या. शब्द परका व बोजड आहे, पण अर्थ सोपा आहे. एका ठिकाणीं उपासनेस जमणारा समुदाय हीच पूर्ण मंडळी; तिच्यावर बिशपाचा किंवा राजाचा हुकूम चालत नाहीं. आपला पाळक तिनेंच निवडावा; कोणास सभासद करून घ्यावें आणि कोणास वगळावें, हें सभासदांनींच एकत्र बसून ठरवावें. इंग्लंडांत बिशपांची सत्ता न मानणाऱ्यांनीं हें तत्त्व सोळाव्या-सतराव्या शतकांत उचलून धरलें, आणि १६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ गलबतांतून अमेरिकेस गेलेल्या कुटुंबांबरोबर तें मॅसॅच्युसेट्समध्यें रुजलें. पैठणचा निर्णय पंडितांच्या सभेचा. नव्या मंडळींतला निर्णय, निदान तत्त्वतः, तेथें बसलेल्या सामान्य माणसांचा. हा फरक लहान नव्हे.

अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें निघाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांस परत पाठविण्याचा हुकूमहि सुटला होता. परंतु त्याच सालीं पार्लमेंटनें कंपनीस नवी सनद देतांना मिशनऱ्यांची वाट मोकळी केली. १८२६ सालीं मिशननें मराठी नवा करार छापून प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं हॉल नाशिककडील प्रवासांत पटकीनें वारले. १८३१ च्या अखेरीस नगरास ठाणें झालें, १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी स्थापन झाली, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. १८३९ सालीं हरि रामचंद्र खिस्ती ह्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. पुढें १८५४ मध्यें हरिपंत खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. परक्या मिशनऱ्याच्या जागीं मराठी पाळक उभा राहिला, तेव्हांपासून ती मंडळी खऱ्या अर्थानें मराठी होऊं लागली.

ह्या मंडळ्यांची उपासना बाह्यतः फार साधी असे. मूर्ति नाहीं, धूप नाहीं, ठराविक प्रार्थनांची पोथीहि नाहीं. गायन, शास्त्रवाचन, पाळकानें स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना, उपदेश, दान आणि शेवटीं आशीर्वाद, एवढाच क्रम. शहरांत उपासनामंदिर असे; खेड्यांत शाळेची खोली हेंच मंदिर, आणि पंतोजी हाच बहुधा उपासना चालविणारा. परंतु साधेपणा म्हणजे आपलेपणा नव्हे. आरंभीचीं पुष्कळशीं गीतें विलायती चालींवर बसविलेलीं होतीं. ओवी, अभंग आणि टाळमृदंग ह्यांवर पोसलेल्या कानांस तीं परकीं वाटलीं, तर त्यांत नवल नाहीं.

ही उणीव मराठी ख्रिस्ती लोकांनींच भरून काढली. नगरकडील कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं ख्रिस्तचरित्रावर कीर्तनें करण्याचा पायंडा पाडला. पूर्वरंग, उत्तररंग, मध्येंच पद, साथीला वाद्यें, असा तो सगळा थाट गांवच्या माणसाच्या ओळखीचा होता. ज्या गोदातीरीं एकनाथांनीं भारुडें रचून वेदान्त सामान्यांच्या अंगणांत आणला, त्याच मुलुखांत एक परका धर्म कीर्तनाच्या पायांनीं चालूं लागला. पुढें नारायण वामन टिळकांनीं अभंग-ओव्यांची जी भर घातली, तिनें मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच पालटला. त्यांचीं गीतें ‘उपासना-संगीत’ ह्या गीतसंग्रहाचा कणा होऊन राहिलीं आहेत.

उपासनेंतील खरी कसोटी मात्र गायनाची नव्हती. ती प्रभुभोजनाची होती. ह्या विधींत सर्व सभासद एकच भाकर वांटून घेतात. नगर जिल्ह्यांतील सभासदांत मोठा भरणा महार समाजाचा होता; मांग होते, थोडे ब्राह्मण व इतर जातींचेहि होते. ज्यांच्या पूर्वजांनीं एकमेकांच्या हातचें पाणी घेतलें नव्हतें, त्यांनीं एका ताटांतील भाकर उचलावयाची! जातीचा पीळ एका पिढींत सुटत नाहीं, आणि तो ह्या मंडळ्यांतहि एकदम सुटला नाहीं. तरी दर खेपेस तो प्रश्न प्रत्येकाच्या हातांत भाकरीच्या तुकड्यासारखा येऊन पडे, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

बाप्तिस्म्याचा विधि पाहूं गेल्यास दोन मिनिटांचा. पाळक मस्तकावर पाणी शिंपडतो आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नांवानें दीक्षा देतो. सभासदांच्या तान्ह्या मुलांसहि ह्या पंथांत बाप्तिस्मा देतात. तेव्हां आईबापच मुलाच्या वतीनें वचन देतात. परंतु प्रौढ मनुष्य बाहेरून येई, तेव्हां त्यास प्रथम मंडळीपुढें साक्ष द्यावी लागे. तो कां येतो, काय मानतो, त्याचें वर्तन कसें आहे, हें सर्वांस पटल्यावर मग पाणी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दक्षिण होरपळून निघाली. तशा दिवसांत दाराशीं आलेला मनुष्य श्रद्धेनें आला कीं भुकेनें, हें ठरविणें किती अवघड! भुकेलेल्याला अन्न नाकारणें हें पाप, आणि अन्नासाठीं आलेल्याची साक्ष खरी मानणें ही फसवणूक. ह्या पेचाला शास्त्राधार सांपडत नाहीं. तो समोरच्या माणसाकडे पाहूनच सोडवावा लागतो.

त्या दोन मिनिटांची किंमत मात्र उभ्या आयुष्यानें द्यावी लागे. नगरच्या मंडळींतील हरिपंत, रामकृष्णपंत ह्यांनीं आपलीं मराठी नांवें सोडलीं नाहींत, आडनांवेंहि सोडलीं नाहींत. पण घर सुटलें. हिंदु धर्मशास्त्रांत पतिताचा त्याग करण्याचा एक विधि आहे. पाण्यानें भरलेला घट उपडा करावयाचा आणि जिवंत माणूस मेला असें मानून त्याला उदक द्यावयाचें. ह्या विधीचें नांव घटस्फोट. आज हा शब्द पतिपत्नींच्या विच्छेदास लावतात. धर्मांतर करणाऱ्या मनुष्यावर मात्र शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच दिवशीं कोसळण्याचा संभव असे. जातीनें घट फोडला कीं वडिलार्जित मिळकतींतला वांटाहि जाई. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म किंवा जात सुटल्यामुळें वारसाहक्क बुडूं नये अशी तजवीज केली. मिळकत कायद्यानें राखतां आली. पत्नी कायद्यानें कशी राखावी?

येथें विवाहाचा प्रश्न येतो. पति ख्रिस्ती झाला आणि पत्नी माहेरीं निघून गेली, तर तो विवाहित कीं अविवाहित? १८६६ सालीं सरकारनें ह्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. धर्मांतरामुळें जोडीदारानें सहा महिने सहवास सोडला, तर न्यायालयांत दाद मागतां येई. न्यायाधीशानें दुसऱ्या पक्षास विचारावें, विचारासाठीं एक वर्षाची मुदत द्यावी, आणि तरीहि नकार कायम राहिला तर विवाह मोडावा. कायदा सदय होता, पण त्यांतील एक वर्षाचा काळ किती घरांनीं कसा काढला असेल, ह्याची कल्पनाच करावी.

नव्या विवाहांची रीत १८७२ च्या पंधराव्या कायद्यानें बांधून दिली. त्यामुळें मुहूर्ताच्या जागीं घड्याळ आलें. लग्न सामान्यतः सकाळीं सहा ते सायंकाळीं सात ह्या वेळेंत लावावें, लावणारा पाळक अधिकृत असावा, दोन विश्वासू साक्षीदार हजर असावेत आणि नोंदवहींत सही व्हावी. देशी ख्रिस्ती लोकांसाठीं एक सोपी रीतहि त्यांत होती. तिच्याप्रमाणें वर सोळा वर्षांहून व वधू तेरा वर्षांहून मोठी असणें आवश्यक होतें. पाळण्यांतील लग्नें चालत असलेल्या काळांत ही अटहि क्रांतिकारकच म्हटली पाहिजे. १९७८ सालीं हीं वयें एकवीस व अठरा झालीं.

कायद्यानें चौकट दिली. संसाराची तयारी मंडळीस करावी लागली. पूर्वीं सोयरीक पाहणारे मामा-काका, आतां ते तुटलेले. म्हणून पाळक, त्याची पत्नी किंवा शाळेची बाईच स्थळ सुचवी. उपासनेच्या वेळीं लग्नाची सूचना वाचीत, म्हणजे कोणास हरकत असल्यास ती उघडपणें सांगतां यावी. जें काम पूर्वीं भाऊबंदकी करी, तें आतां भरल्या सभेंत होऊं लागलें. मग हळद लावावी कीं नाहीं, मांडव घालावा कीं नाहीं, गळ्यांत मंगळसूत्र बांधावें कीं बोटांत अंगठी घालावी, असे प्रश्न येत. कांहींना हे सर्व जुन्या धर्माचे अवशेष वाटत, कांहींना ते केवळ मराठीपणाचे वाटत. घरोघर निवाडा निराळा झाला, आणि तेंच ह्या पंथाच्या तत्त्वास धरून होतें.

बाप्तिस्मा आणि विवाह ह्यांची गांठ किती कठीण असते, ह्याचें सर्वांत प्रांजळ चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंदिरांत रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्यांच्या हस्तें टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. लग्नास पंधरा वर्षें झालीं होतीं. पदरीं लहान मुलगा होता. पतीच्या ह्या कृत्यानें लक्ष्मीबाई जिवंतपणीं वैधव्याच्या उंबरठ्यावर आल्या. १८६६ चा कायदा टिळकांच्या हाताशीं होता. त्यांनीं त्याचा आश्रय केला नाहीं. त्यांनीं वाट पाहिली. लक्ष्मीबाई नगरास आल्या, तरी आरंभीं वेगळ्या राहून आपलें सोवळें सांभाळीत. हळूहळू जातिभेदच त्यांच्या मनांतून गळून पडला, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. न्यायालयानें एक वर्षाची मुदत दिली असती. टिळकांनीं पांच वर्षें दिलीं. नवा विवाह न लावतां जुनाच विवाह पुन्हां उभा राहिला.

टिळक १९०४ सालीं पाळक झाले. परंतु मंडळी स्वयंशासित आणि पगार मात्र मिशनच्या तिजोरींतून, ही विसंगति त्यांना सलत राहिली. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची योजना होती. ज्या पाण्याच्या रेघेनें त्यांचें घर एकदां दुभंगलें, ती रेघ माणसांस वेगळें पाडणारी भिंत होऊं नये, हा त्यांचा ध्यास होता. ९ मे १९१९ रोजीं ते वारले आणि दरबार अपुरा राहिला.

मंडळ्यांचा प्रवास पुढें चालूच राहिला. १९२४ सालीं त्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांशीं एक झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्यें, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्यें, सामील झाल्या. त्या चर्चमध्यें बिशप आहेत! बिशपाची सत्ता नको म्हणून ज्या पंथाचा जन्म झाला, त्याच्या मराठी वारसांनीं ऐक्यासाठीं तीहि पत्करली. उलट त्याच चर्चनें तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य केल्या. कोठें एक पाऊल मागें, कोठें एक पाऊल पुढें. माणसांचे समुदाय असेच चालतात.

१९४० सालीं प्रभात कंपनीचा ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट निघाला. पैठणच्या सभेपुढें उभ्या राहिलेल्या ज्ञानदेवाची भूमिका त्यांत शाहू मोडक ह्यांनीं केली. हे शाहू मोडक नगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले. शुद्धिपत्र मागणाऱ्या मुलाच्या रूपानें पैलतीरच्या मंडळींतला एक पुत्र ऐलतीरीं आला, आणि हजारों प्रेक्षकांनीं त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्याची जात, त्याचा बाप्तिस्मा, त्याचें शुद्धिपत्र, ह्यांपैकीं कांहींएक त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं.