विद्यापीठीय ग्रंथपालाचे नेतृत्व : मद्रास ते इन्फ्लिबनेट

प्रस्तावना

विद्यापीठीय ग्रंथालयांचा इतिहास आपल्याकडे बहुधा इमारती, ग्रंथसंख्या आणि वर्गीकरणपद्धती यांच्या आधारे लिहिला जातो. ग्रंथालयाचे नेतृत्व करणारी माणसे कशी घडली, हा प्रश्न त्यात मागे राहतो. प्रस्तुत लेखात काही निवडक टप्प्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मद्रास येथील आरंभ

जानेवारी १९२४ मध्ये डॉ. एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ही उणीव ओळखून विद्यापीठाने त्यांना त्याच वर्षी इंग्लंडला पाठविले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. वर्गातील अध्ययनाइतकाच वेळ त्यांनी तेथील ग्रंथालयांचे प्रत्यक्ष कामकाज पाहण्यात घालविला. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयात वाचकांना मुक्तप्रवेश दिला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मिळालेले ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये संघाने उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. १९३१ मध्ये हा वर्ग विद्यापीठाने आपल्याकडे घेतला, तर १९३७ पासून त्यास पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रमाचे रूप आले. निर्णयाचा अधिकार, अध्ययनासाठी संस्थेने दिलेला वेळ व पैसा, आणि पुढील पिढी घडविण्याची जबाबदारी ही या नेतृत्वाची तीन अंगे होत.

संगणकयुगातील बदल

स्वातंत्र्योत्तर काळात, १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालाच्या दर्जाचा व वेतनाचा प्रश्न तिने ऐरणीवर आणला. १९९१ मध्ये आयोगाचा इन्फ्लिबनेट प्रकल्प पुण्याच्या 'आयुका' या संस्थेच्या छत्राखाली सुरू झाला. १९९६ मध्ये तो स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र बनला. पुढे 'सोल' ही ग्रंथालय आज्ञावली तयार झाली. तिच्या प्रशिक्षणामुळे अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांचे संगणकीकरण शक्य झाले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि, आज्ञावली चालविणे आणि ग्रंथालयाची दिशा ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इ-नियतकालिके आल्यानंतर मजकुराची निवड ग्रंथपालाकडे, परंतु जाळे व सर्व्हर संगणक केंद्राकडे, अशी विभागणी झाली. वाचकाची अडचण मात्र एकच असते. तिचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे ठरले नसल्यास तो दोन दारांमध्ये हेलपाटे घालतो.

अमेरिकेत हाच प्रश्न ओळखून २००० साली अटलांटा येथील एमरी विद्यापीठात फ्राय लीडरशिप इन्स्टिट्यूट सुरू झाली. ग्रंथालय क्षेत्रातील 'क्लिर' व माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील 'एज्युकॉज' या संस्था तिच्यात सहभागी होत्या. ग्रंथपाल आणि तंत्रज्ञ दोन आठवडे एकत्र राहून अर्थसंकल्प, धोरण व विद्यापीठ प्रशासन यांचा अभ्यास करीत. त्यानंतर प्रत्येकजण आपल्या संस्थेत वर्षभर एक प्रकल्प राबवीत असे. २०१३ मध्ये या उपक्रमाची जागा 'लीडिंग चेंज इन्स्टिट्यूट'ने घेतली.

निष्कर्ष

मद्रास व अटलांटा यांच्यात पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. सूत्र मात्र समान दिसते. नेतृत्व तंत्राच्या शिक्षणातून आपोआप उद्भवत नाही; त्यासाठी अधिकार, अवकाश व सहकारी लागतात. ग्रंथपालांच्या उजळणी वर्गांत संगणक केंद्राच्या सहकाऱ्यांनाही बोलवावे आणि दोघांनी मिळून आपल्या संस्थेतील एक अडचण वर्षभरात सोडवावी, असा नियम करण्यास फार मोठा निधी लागणार नाही. ग्रंथपालाला केवळ ग्रंथांचा राखणदार मानणारी दृष्टी बदलणे, हे त्याहून कठीण काम अध्यापकवर्गाचे आहे.