चेटनिक व पार्टिझन

दुसऱ्या महायुद्धकाळात यूगोस्लाव्हियात परकी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या, परंतु पुढे एकमेकींशीच झुंजलेल्या दोन सशस्त्र संघटना. ‘चेता’ म्हणजे तुकडी या सर्बियन शब्दावरून चेटनिक हे नाव आले. तुर्की सत्तेविरुद्ध लढणाऱ्या गनिमी टोळ्यांसाठी ते पूर्वीपासून रूढ होते.

जर्मनीने ६ एप्रिल १९४१ रोजी यूगोस्लाव्हियावर आक्रमण केले आणि १७ एप्रिलला तेथील सैन्याने शरणागती पत्करली. राजा दुसरा पीटर परदेशी गेला. शरणागती अमान्य करून कर्नल द्राझा मिहाइलोव्हिच (१८९३–१९४६) याने पश्चिम सर्बियातील राव्ना गोरा येथे राजनिष्ठ सैनिक जमविले. जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर जुलैमध्ये योसिप ब्रॉझ टिटो (१८९२–१९८०) याच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांनीही उठाव केला. आरंभी दोघांत सहकार्य होते व दोन्ही नेते दोनदा भेटले. नोव्हेंबर १९४१ मध्ये मात्र त्यांच्यात उघड लढाई जुंपली.

या फुटीच्या मुळाशी राजसत्ता की क्रांती हा वाद होताच. परंतु तत्कालीन निकडीचा प्रश्न किंमतीचा होता. एका मृत जर्मन सैनिकामागे शंभर व एका जखमीमागे पन्नास ओलिसांना ठार मारण्याचा हुकूम जर्मनांनी काढला होता. त्यानुसार ऑक्टोबर १९४१ मध्ये एकट्या क्रागुयेव्हात्समध्ये सुमारे २,८०० पुरुष व मुले मारली गेली. दोस्त सैन्य येईपर्यंत बळ राखून ठेवावे, असे मिहाइलोव्हिचचे धोरण होते. टिटोने लढा चालू ठेवला. जाळलेल्या गावांतील निराधार माणसे त्याच्या सैन्यात येत गेली. मिहाइलोव्हिचचा विचार भ्याडपणाचा म्हणता येत नाही. पण थांबून राहण्याच्या धोरणातूनच तडजोडीची वाट निघाली, हेही नाकारता येत नाही. माँटेनेग्रो, हेर्त्सेगोव्हिना व डाल्मेशिया येथील चेटनिक सरदारांनी इटालियनांकडून शस्त्रे व शिधा घेतला आणि १९४३ च्या नेरेत्वा नदीकाठच्या लढाईत ते इटालियनांच्या बाजूने पार्टिझनांवर चालून गेले. क्रोएशियातील उस्ताशी राजवटीने सर्बांची जी कत्तल चालविली होती, तिचा सूड चेटनिकांनी मुसलमान वस्त्यांवर उगविला. फेब्रुवारी १९४३ मधील मोहिमेत सुमारे ८,००० स्त्रिया, वृद्ध व मुले मारल्याची नोंद त्यांच्याच सेनानीच्या, पाव्हले जुरिशिच याच्या, अहवालात आढळते.

पार्टिझनांची बाजूही निष्कलंक नव्हती. माँटेनेग्रोत १९४१–४२ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘वर्गशत्रू’ म्हणून अनेकांना ठार केले. पक्षानेच पुढे यास ‘डावी चूक’ असे सौम्य नाव दिले. मार्च १९४३ मध्ये मिलोव्हान जिलास प्रभृतींनी कैद्यांच्या अदलाबदलीच्या निमित्ताने जर्मनांशी बोलणी केली आणि चेटनिक हेच आपले मुख्य शत्रू असल्याचे सांगितले. ही बोलणी युद्धोत्तर यूगोस्लाव्हियात दीर्घकाळ अनुल्लेखित राहिली. मे १९४५ मध्ये शरण आलेल्या हजारो क्रोएट, स्लोव्हेन व इतर सैनिकांना खटल्यावाचून ठार करण्यात आले.

ब्रिटनने १९४३ अखेर आपला पाठिंबा टिटोकडे वळविला. कैरोतील कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी चर्चिलची दिशाभूल केली, असे चेटनिकांचे समर्थक मानीत. तथापि पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून, जर्मनांचे उकललेले सांकेतिक संदेश व पार्टिझनांची लढाऊ कामगिरी यांचाच या निर्णयात मोठा वाटा होता असे दिसते. विशेष म्हणजे पाठिंबा गेल्यावरही १९४४ मध्ये चेटनिकांनी सर्बियात उतरलेल्या शेकडो अमेरिकन वैमानिकांना आश्रय देऊन प्रान्यानी येथून सुखरूप परत पाठविले. याबद्दल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये मिहाइलोव्हिचला मरणोत्तर पदक दिले, पण ते बरीच वर्षे जाहीर केले नाही.

मिहाइलोव्हिचवर जून–जुलै १९४६ मध्ये बेलग्रेडला खटला झाला आणि १७ जुलैला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढील चार दशके पाठ्यपुस्तके, स्मारके व चित्रपट यांतून पार्टिझनांची वीरगाथा व चेटनिकांचा देशद्रोह हीच जोडी रंगविली गेली. अलिप्ततावादाचा प्रणेता म्हणून टिटोला ओळखणाऱ्या भारतीय वाचकापर्यंतही प्रामुख्याने हीच बाजू पोहोचली. युद्धबळींचा सतरा लाख हा सरकारी आकडाही या गाथेचाच भाग होता. बोगोल्यूब कोचोव्हिच (१९८५) हा सर्ब व व्लादिमीर झेर्याव्हिच (१९८९) हा क्रोएट या दोघांनी स्वतंत्रपणे गणिते मांडली, तेव्हा दोघांचेही उत्तर दहा लाखांच्या थोडे पुढे आले.

संघराज्य १९९१ नंतर फुटले आणि नव्या युद्धांतील काही सर्ब टोळ्यांनी चेटनिक नाव पुन्हा धारण केले. त्यामुळे बॉस्नियात व क्रोएशियात ते अधिकच भयकारी झाले. सर्बियात मात्र २००४ च्या कायद्याने चेटनिकांना पार्टिझनांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. १४ मे २०१५ रोजी बेलग्रेडच्या उच्च न्यायालयाने १९४६ चा निकाल राजकीय हेतूचा व न्याय्य प्रक्रियेस सोडून दिलेला ठरवून रद्द केला. मिहाइलोव्हिचच्या युद्धकालीन वर्तनाचा निवाडा त्यात नव्हता. झाग्रेबमध्ये निषेध झाला, बेलग्रेडमध्ये न्यायालयाबाहेर दोन्ही बाजूंचे लोक जमले. मिहाइलोव्हिचला पुरलेली जागा शासकीय आयोगाने शोध घेऊनही सापडलेली नाही.