आरती, भजन आणि फुटलेली मडकी: सातपुड्याच्या पायथ्याचा एक उपचार

‘कलेतून उपचार’ म्हटलं की आपल्याला शहरातलं एखादं केंद्र आठवतं. रंग, कागद, समुपदेशक. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं १९४२ साली रूढ केला. क्षयाच्या आजारपणात चित्रं काढून त्याला बरं वाटलं होतं. पण आज आपण पाहणार आहोत ती गोष्ट त्याच्या चार वर्षं आधीची, आणि आपल्या नंदुरबारची. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता, तो १९९८ साली झाला. हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात होता.

आधी रोग कोणता ते बघू. भिलांच्या घरी मोहाची दारू नवी नाही. देवाला तिची धार पडते. लग्नात, मरणातही ती असते. मग बिघडलं काय? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरी दारू गाळणं हा गुन्हा झाला. जी वस्तू घरची होती, ती ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. विकत म्हणजे पैसे, पैसे नसले की उधारी, आणि उधारीच्या मागे सावकार उभाच. दारूच्या वाटेनं जमीन जाऊ लागली. म्हणून इथे व्यसन हा एकट्या माणसाचा दुबळेपणा आहे, असं म्हणून भागत नाही.

१९२२ साली दक्षिण गुजरातेतून ‘देवी’ची लाट खानदेशापर्यंत आली. लोकांच्या अंगात येई आणि देवी सांगे, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर १९८७ साली पुस्तक लिहिलं आहे.

मग १९३७-३८च्या सुमारास तळोदे तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले, लोक त्यांना गुला महाराजही म्हणतात. त्यांची रीत साधी. एकत्र जमायचं, आरती करायची, दारू सोडायची, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायचं. या शब्दाकडे लक्ष द्या. ज्याला आयुष्यभर सगळ्यांनी ‘अरे’ म्हटलं, त्याला शेजारी ‘आप’ म्हणू लागला! औषध असलंच तर ते इथे आहे.

आता कुणी विचारेल, आरती ही कला कशी? आहे ना. चाल आहे, ताल आहे, आणि मुख्य म्हणजे इथे प्रेक्षक कुणीच नाही. जो आला तो गाणारा. गंमत बघा, अमेरिकेत अ‍ॅक्रन इथे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू झालं ते १९३५ साली. या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण एकट्यानं सुटत नाही, जमून सुटतं, हे दोघांनाही उमगलं होतं.

१९३८ सालीच महाराज वारले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. पण जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न आरतीनं सुटणारा नव्हता.

ते पुढचं पाऊल शहाद्यात पडलं. अंबरसिंग सुरतवंती यांनी भजनी मंडळांतून माणसं जोडली. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनीची, मजुरीची भाषा सुरू झाली. शिबिरांत बाया बोलू लागल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मजुरी वाढली तर ती दारूतच जाणार, आणि मार आम्हीच खाणार. मग बाया गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. आरतीत पुरुषाला मान मिळाला होता. इथे बाईला आवाज मिळाला.

पुढे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं. तिथे उपचाराला गाण्या-खेळाची जोड मिळाली. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. शहाद्याच्या बायांचा प्रश्न तिथे उपचाराचाच भाग झाला.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. सुधारणेच्या नादात भिलांच्या देवाला वाहिली जाणारी धारही ‘अशुद्ध’ ठरली. माणसाला बरं करताना त्याची संस्कृतीच रोग ठरवली, तर तो उपचार म्हणायचा का? आज कुणी पाड्यावर रंग, नाटक, ढोल घेऊन जाणार असेल, तर त्यानं तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. गाणार कोण, आपण की ते? बाया बोलतात का? आणि गाणं संपल्यावर मजुरीचं, जमिनीचं काय? या तिन्हींना उत्तर असेल तरच तो उपचार. नाहीतर तो नुसता कार्यक्रम.