भोगवर्धनचे दंतकार

आपले भोकरदन म्हणजे जालना जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव, एवढेच आपण पोरांना सांगतो. पण केळणा नदीकाठच्या या गावाचे जुने नाव भोगवर्धन. सांची व भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावासोबत हे गावाचे नाव कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपली माणसे तिथवर दान पोचवीत होती!

१९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक स्त्री-मूर्ती निघाली. तिच्याच धाटणीची मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेई शहरात सापडली होती. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार गेलेली. आधी ती मथुरेकडची समजत. आपली मूर्ती निघाली, तसे अनेक अभ्यासक भोकरदनकडे बोट दाखवू लागले.

आम्ही मिलमध्ये हातावर पोट भरलेली माणसे, म्हणून आमची नजर हातांकडे जाते. हत्तीचा दात मुळाशी पोकळ, टोकाकडे भरीव. मूर्ती दाताच्या जाडीतच बसवायची. पॉम्पेईची मूर्ती जेमतेम वीतभर, तरी दागिन्याचा मणी न मणी दिसतो. एक छिन्नी चुकली की सगळा दात वाया!

सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपण हे कोरीवकाम केल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्या भोगवर्धनच्या दंतकाराचे नाव कुठेच नाही. नेपल्सच्या संग्रहालयातल्या त्या मूर्तीचा फोटो पाहून नातवाने विचारले, "आजोबा, ही कुणी केली?" आम्ही म्हणालो, "आपल्याच गावच्या कुणीतरी केली असावी."